प्रभुभोजनाची पंगत

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास करिंथ हे रोमन साम्राज्यातील एक भरभराटीचे व्यापारी शहर होते. दोन समुद्रांच्या दरम्यान असलेल्या चिंचोळ्या भूमीवर वसल्यामुळे त्यास पूर्वेकडे एक व पश्चिमेकडे एक अशी दोन बंदरे लाभली होती, आणि त्या बंदरांतून चालणाऱ्या मालाबरोबर सावकार, खलाशी, कारागीर, दास आणि दास्यातून मुक्त झालेले लोक अशी नाना थरांतील माणसे तेथे एकत्र येत असत. या शहरात पौल नावाच्या ज्यू धर्मोपदेशकाने ख्रिस्ताच्या अनुयायांची जी लहानशी मंडळी स्थापन केली होती तीही अशीच संमिश्र होती. तिला स्वतंत्र मंदिर नव्हते. ज्यांची घरे मोठी अशा सधन सभासदांकडे ती जमत असे, आणि आपल्या गुरूने देहांताच्या आदल्या रात्री शिष्यांसह जे भोजन केले त्याच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस यांचे सेवन करीत असे. परंतु हे भोजन पोटभर जेवणाचाच एक भाग असल्यामुळे तेथे एक विपरीत प्रकार घडू लागला. ज्यांस फुरसत होती ते आपापले अन्न घेऊन आधी जेवीत, आणि ज्यांच्यापाशी काही नव्हते ते उपाशी राहत. कोणी मद्याने धुंद होई आणि कोणी रित्या पोटी लज्जित होऊन बसे.

ही वार्ता इफिस येथे पौलाच्या कानी गेली तेव्हा त्याने त्या मंडळीस जे पत्र लिहिले, त्यात प्रभुभोजनाच्या स्थापनेचा आज उपलब्ध असलेला सर्वांत प्राचीन वृत्तांत आलेला आहे. चारही शुभवर्तमाने त्यानंतर लिहिली गेली. ख्रिस्ती धर्मातील या परमपवित्र विधीविषयीचे पहिले लेखी निवेदन एखाद्या स्तोत्रात किंवा तत्त्वचर्चेत न सापडता पंक्तिभेदाच्या तक्रारीवरील निवाड्यात सापडावे, या घटनेचा अर्थ फार खोल आहे. पौलाने त्या लोकांस सांगितले की, तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजनच नव्हे. आणि जो मनुष्य प्रभूचे शरीर न ओळखता, अयोग्य रीतीने ते सेवन करतो तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो. त्याच पत्रात किंचित आधी त्याने असेही प्रतिपादिले आहे की, भाकर एक असल्यामुळे ती वाटून घेणारे अनेकजण मिळून एकच शरीर होत असतात. या दोन वचनांचा एकत्र विचार केला म्हणजे प्रभुभोजनाचे आध्यात्मिक रहस्य दृग्गोचर होते. ख्रिस्ताशी एकरूप होणे आणि शेजारी बसलेल्या मनुष्याशी एक होणे ही तेथे दोन कर्मे नसून एकच कर्म आहे. ज्याने दुसरे नाकारले त्याच्या हाती पहिलेही येत नाही. पुढील एकोणीस शतकांत या विधीविषयी जे वाद झाले, जी युद्धे झाली आणि जी फर्माने सुटली, त्यांतील पुष्कळांचे मूळ या एका सत्याच्या विस्मरणात किंवा पुनःस्मरणात आहे, असे माझे मत आहे. आणि आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही त्याचा पुरावा आहे.

या विधीचे मूळ यरुशलेमेतील त्या अखेरच्या रात्रीत आहे हे खरे; परंतु त्या रात्रीचा अर्थ तिच्यामागील आयुष्यावाचून कळत नाही. वल्हांडणाचा सण हा ज्यू लोकांच्या मिसर देशातील दास्यविमोचनाचा स्मृतिदिन. त्या सणाच्या भोजनात बेखमीर भाकर, कडू भाजी आणि कोकराचे मांस असे, आणि ते खाताना प्रत्येक पिढी आपल्या पूर्वजांची सुटका ही जणू आपलीच सुटका आहे असे मानीत असे. येशूने या परंपरागत भोजनाच्या प्रसंगी भाकर घेऊन, उपकारस्तुती करून ती मोडली व शिष्यांस देताना ती आपले शरीर होय असे म्हटले. प्याल्याविषयीही आपल्या रक्तातील नवा करार असे उद्गार काढले, आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत जा अशी आज्ञा दिली. दुसऱ्या दिवशी त्यास वधस्तंभावर खिळण्यात आले. ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीने मोडलेली भाकर व मोडलेला देह यांचे नाते येथे जडले. परंतु ज्या हातांनी त्या रात्री भाकर मोडली ते हात त्यापूर्वी अनेकदा निषिद्ध मानलेल्या लोकांच्या ताटांशेजारी विसावले होते. रोमन सत्तेची जकात गोळा करणारे जकातदार हे त्या काळी ज्यू समाजात भ्रष्ट व त्याज्य समजले जात; त्यांच्या घरी तो जेवला म्हणून शास्त्री व परूशी या ज्यू धर्मपंडितांनी त्याच्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. आणि ज्या पंगतीत त्याने नवा करार केला तिच्यात त्याला धरून देणारा यहूदाही बसलेला होता.

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोक राजसत्तेच्या संशयास पात्र होते, आणि त्यांच्या या भोजनाविषयी बाहेर भयंकर वदंता उठत. इसवी सन ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने या पंथाची चौकशी चालविली, तेव्हा मंडळीत सेविका म्हणून नेमलेल्या दोन दासींचा छळ करून त्याने त्यांची जबानी घेतली, आणि सम्राट त्राजान यास जो अहवाल पाठविला त्यात हे लोक ठराविक दिवशी पहाटे जमतात व नंतर पुन्हा एकत्र येऊन अन्न घेतात, परंतु ते अन्न साधे व निरुपद्रवी असते, असे कळविले. ज्या समाजात दासीला न्यायालयात छळावाचून बोलण्याचाही अधिकार नव्हता, त्या समाजातील एका मंडळीने दासींनाच सेवेचे पद दिलेले होते, ही गोष्ट त्या सुभेदाराच्या दफ्तरात अनायासे नोंदली गेली आहे.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी रोम शहरात राहणाऱ्या युस्तिन नावाच्या तत्त्वज्ञाने सम्राटास उद्देशून आपल्या धर्माचे जे समर्थन लिहिले, त्यात रविवारच्या उपासनेचे सविस्तर वर्णन आहे. शहरातील व खेड्यांतील सर्व लोक एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी व संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात. प्रमुख उपदेश करतो. मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षरस आणून त्यांवर उपकारस्तुती करण्यात येते. उपस्थितांस त्यांचे वाटप होते, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक तो वाटा पोहोचवितात. ज्यांस ऐपत आहे ते यथेच्छ दान देतात, आणि त्या निधीतून अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान व परदेशस्थ यांचा परामर्श घेतला जातो. युस्तिनाने भाकरीचे वाटप आणि निधीचे वाटप यांमध्ये कोठेही रेषा ओढलेली नाही. याच काळाच्या आसपासच्या ‘दिदाखे’ या लहानशा नियमग्रंथातील प्रार्थनेत डोंगरांवर विखुरलेले धान्य एकत्र होऊन जशी एक भाकर झाली तशीच पृथ्वीच्या टोकांपासून मंडळीही एकत्र होवो अशी याचना आढळते. आणि पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन नवदीक्षितांस हेच शिकवी की, वेदीवर जे ठेवलेले दिसते ते तुमचेच रहस्य आहे, तुम्ही जे आहात तेच तुम्ही ग्रहण करता.

मध्ययुगात या विधीकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू पालटली. भाकरीत ख्रिस्त कोणत्या प्रकारे उपस्थित असतो हा प्रश्न विद्यापीठांतील पंडितांच्या चर्चेचा विषय झाला. रूप, रंग, चव ही तीच राहिली तरी आतील तत्त्व पालटून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, हा सिद्धांत 1215 साली रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने अधिकृत केला, आणि प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा, पुनरुत्थानाच्या सणास, हा प्रसाद घ्यावा असा नियमही त्याच परिषदेने घातला. नियम करून वर्षातून एकदा घ्यावयास लावावे लागावे यावरूनच सामान्य लोक या मेजापासून किती दूर गेले होते हे ध्यानी येते. भक्ती कमी झाली होती असे नव्हे. उलट ती इतकी भयचकित झाली होती की, लोक प्रसाद घेण्याऐवजी पाळकाने उंच धरलेल्या त्या पवित्र भाकरीच्या दर्शनावरच संतुष्ट राहू लागले. रस सांडेल, अपमान होईल या धास्तीने प्याला सर्वसाधारण लोकांस देण्याची वहिवाटही पश्चिम युरोपात बंद पडत गेली आणि तो वेदीपाशी उभ्या असलेल्या पाळकाकडेच राहिला. एका मेजावर अशा प्रकारे दोन पंगती झाल्या.

याविरुद्ध प्रथम मोठा उठाव झाला तो बोहेमियात. 1414 साली प्राग येथील याकोबेक या धर्मोपदेशकाने सर्व श्रद्धावंतांस भाकरीबरोबर प्यालाही देण्यास आरंभ केला. पुढील वर्षी कॉन्स्टन्स येथे भरलेल्या धर्मपरिषदेने या प्रथेस बंदी केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 6 जुलै 1415 रोजी, यान हुस या सुधारकास पाखंडी ठरवून जिवंत जाळले. त्या चितेने बोहेमियाचे अंतःकरण पेटले. शेतकरी, कारागीर, सरदार व विद्यापीठातील पंडित यांनी प्याला हे आपले चिन्ह मानून तो निशाणावर रेखिला, आणि 1420 मध्ये आपल्या मागण्यांची जी चार कलमे जाहीर केली त्यांत भाकर व प्याला दोन्ही सर्वांस मिळावे हे एक कलम होते. त्यांच्यावर एकामागून एक धर्मयुद्धे पुकारण्यात आली, परंतु ती निष्फळ झाली. अखेर 1436 साली तह होऊन त्या एका देशापुरता प्याला लोकांस परत मिळाला. पुढे 1620 मध्ये श्वेतगिरीच्या लढाईत बोहेमियाचा पाडाव झाल्यावर तो पुन्हा काढून घेण्यात आला. एका घोटासाठी एका राष्ट्राने दोनशे वर्षे लढावे याचे आज कोणास नवल वाटेल. परंतु ज्यास आपला वाटा नाकारला गेला आहे त्यालाच त्या वाट्याचे मोल कळते. बोहेमियाच्या नांगरधारी शेतकऱ्याने ओळखले होते की, देवाच्या घरी आपल्याला अर्धी पंगत मिळत असेल तर पृथ्वीवरील कोणताही धनी आपल्याला पुरा मनुष्य मानणार नाही.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी प्याला पुन्हा सर्वांस खुला केला, परंतु तो हाती आल्यावर त्याच्या अर्थावरून तेच परस्परांपासून दूर झाले. 1529 साली मारबुर्ग येथे लूथर आणि झ्विंग्ली यांची भेट घडवून आणण्यात आली. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले. पंधराव्या कलमातील ख्रिस्ताची उपस्थिती शब्दशः घ्यावी की लक्षणेने, या एका मुद्द्यावर मात्र तडजोड होऊ शकली नाही. ऐक्याचा विधी स्वतःच वियोगाचे कारण व्हावा ही ख्रिस्ती इतिहासातील मोठी शोकान्तिका होय. आणि उपस्थितीचा प्रकार ठरविण्यात गढून गेलेल्या त्या थोर पुरुषांस पौलाच्या तक्रारीचे, म्हणजे पंगतीत कोण उपाशी राहिले या प्रश्नाचे, क्षणभर विस्मरण झाले असे म्हणावेसे वाटते.

हा विधी हिंदुस्थानात आल्यावर मात्र त्या प्रश्नास चुकविणे कोणासच शक्य नव्हते. कारण येथे पंक्तिभेद हाच समाजाचा पाया होता. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या सावलीने अन्न विटाळते, कोणी कोणापासून किती अंतरावर बसावे, याचे शास्त्र येथे घरोघरी पाठ होते. 1606 साली मदुरेस आलेल्या रॉबर्तो दे नोबिली या जेझुइट पाद्र्याने उच्चवर्णीयांची मने दुखवू नयेत म्हणून संन्याशाचा वेष व आचार स्वीकारला. पुढे त्याच्या परंपरेत निरनिराळ्या जातींसाठी निरनिराळ्या आचारांचे धर्मोपदेशक ठेवण्याची रीत पडली. त्यातून निर्माण झालेला वाद रोमच्या दरबारात शतकाहून अधिक काळ चालला आणि 1744 मध्ये पोप चौदावा बेनेडिक्ट याच्या निर्णयाने मिटला, तरी त्या निर्णयातही अस्पृश्यांसाठी वेगळे धर्मोपदेशक असण्यास वाव राहिला. गोमंतकातही बाप्तिस्म्याने जात गेली नाही. धर्मसंघांच्या मानपानात व सणाच्या अधिकारांत ती चर्चच्या भिंतींआड नांदत राहिली.

दक्षिणेतील या मामल्याचा सर्वांत बोधप्रद अध्याय मराठ्यांच्याच राजधानीत, तंजावरात, घडला. तेथील जर्मन पाद्री श्वार्ट्झ हे राजपुत्र सरफोजींचे पालक व गुरू होते, आणि 1798 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सरफोजी महाराजांनी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याजकडून संगमरवरी स्मारक करवून ते किल्ल्यातील चर्चमध्ये बसविले. श्वार्ट्झ यांच्याच छायेत वाढलेले वेदनायगम शास्त्री हे तमिळ ख्रिस्ती कवी सरफोजींच्या आश्रयास होते. श्वार्ट्झ यांच्या मिशनच्या चर्चमध्ये उच्च मानलेले वेल्लाळ व अस्पृश्य मानलेले परया हे निरनिराळ्या बाजूंस बसत आणि प्रभुभोजनास उच्चवर्णीय प्रथम व इतर नंतर असा क्रम चाले. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नव्या दमाच्या पाद्र्यांनी ही वहिवाट मोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा 1829 च्या सुमारास वेदनायगम शास्त्र्यांनी त्यास कडवा विरोध केला. त्यांचा युक्तिवाद तुच्छतेने उडवून लावण्याजोगा नाही. जात हा ऐहिक व्यवहार आहे, श्रद्धेचा भाग नव्हे; युरोपातही अमीर व चाकर एका ताटात जेवीत नाहीत; मग परदेशस्थांनी आमच्याच आचारावर का घाला घालावा, असा त्यांचा प्रश्न होता. 1826 साली तंजावरास येऊन गेलेले बिशप हेबर यांचेही धोरण या बाबतीत सौम्य होते.

त्यांच्यानंतर काही वर्षांनी कलकत्त्याच्या गादीवर आलेले बिशप डॅनियल विल्सन यांनी मात्र जुलै 1833 मध्ये दक्षिणेतील मंडळ्यांस पत्र पाठवून जातिभेद ताबडतोब, निःसंशय व कायमचा सोडला पाहिजे असे फर्माविले, आणि विशेषतः प्रभूच्या मेजापाशी येण्यात व बसण्यात कोणताही क्रम चालणार नाही हे स्पष्ट केले. ते पत्र वाचून दाखविताच शेकडो लोक मंडळी सोडून निघाले. पुष्कळ उपदेशक व शिक्षक यांनी चाकरीवर पाणी सोडले. 1835 च्या आरंभी बिशप स्वतः तंजावरास आले तरी तो तंटा पुरता शमला नाही. या प्रकरणात एका बाजूस परकीय सत्तेच्या अधिकाराचा दर्प होता आणि दुसऱ्या बाजूस स्वाभिमानाचा अंश होता, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. ज्या इंग्रज समाजातून विल्सन आले होते त्याच्या छावण्यांतही गोऱ्यांची बाके निराळी असत, हेही विसरता येत नाही. तथापि मेजासंबंधीच्या मूळ प्रश्नावर निर्णय द्यावयाचा झाल्यास तो पौलाने करिंथकरांस दिला त्याहून वेगळा होऊ शकत नाही. वेदनायगम शास्त्री म्हणत तसा भोजनाचा व्यवहार ऐहिक असेल. परंतु ज्या धर्माने नेमका तोच ऐहिक व्यवहार आपल्या उपासनेच्या गाभाऱ्यात नेऊन ठेवला, त्या धर्मात तरी तो श्रद्धेबाहेरचा राहत नाही.

महाराष्ट्रात या विचाराचे पडसाद ख्रिस्ती मंडळीच्या आत जेवढे उमटले तेवढेच तिच्या बाहेरही उमटले. 1843 साली मुंबईस नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही पाद्र्यांकडे जाऊन राहिला होता; न्यायालयाने तो अल्पवयी म्हणून त्यास बापाच्या स्वाधीन केले. परंतु ख्रिस्त्यांचे अन्न त्याच्या पोटात गेले होते, आणि प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे की नाही या प्रश्नावर मुंबईच्या ब्राह्मणसमाजात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाचा पक्ष घेतला म्हणून त्यांनाही समाजाचा रोष सहन करावा लागला. 1849 मध्ये दादोबा पांडुरंग प्रभृतींनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली, तेव्हा सभासदाच्या प्रतिज्ञेबरोबर ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खाण्याची व मुसलमानाच्या हातचे पाणी पिण्याची अट होती. सभासदांचा देव निराकार होता, विधी अगदी साधे होते. परंतु मनुष्यांतील भेद ज्या ठिकाणी दृढ होतो त्याच ठिकाणी, म्हणजे घासात, तो तोडला पाहिजे हे त्या तरुणांनी बरोबर हेरले. मात्र त्यांचा पाव गुप्तपणे खाल्ला जात होता, आणि 1860 च्या सुमारास सभासदांची नावे फुटताच सभा विस्कळित झाली. याच सभेच्या परिचयातून पुढे गेलेले बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये बेळगावास बाप्तिस्मा घेतला. बंद दाराआडचा पाव आणि भर सभेतील प्रभुभोजन यांतील अंतर त्यांनी एका जन्मात ओलांडले. आणि ते अंतर केवळ धैर्याचे नव्हते, त्यात वारसा, आप्तवर्ग, लग्नसंबंध, गावातील उठबस हे सर्व पणास लागत होते. धर्मांतराने वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क जाऊ नये म्हणून 1850 सालचा एकविसावा कायदा करावा लागला, यावरून त्या घासाची किंमत समजून येते.

ज्यांनी ती किंमत मोजली त्यांच्या पुढील आयुष्यात या विधीचे फलित पाहावयास मिळते. नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याच्या परिसरात बेथेल ही वसाहत उभारली आणि मांग समाजातील लोकांमध्ये आयुष्य वेचले. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये ठाणे घातले आणि 1833 मध्ये तेथे मंडळी संघटित झाली. तेथील आरंभीच्या सभासदांत ब्राह्मण होते तसे महारही होते, आणि 1854 मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक हे देशी पाळक म्हणून दीक्षित झाले, तेव्हा ब्राह्मणकुळात जन्मलेल्या पाळकाने मोडलेली भाकर महाराच्या हाती, आणि महाराच्या ओठांस लागलेला प्याला पुढे दुसऱ्याच्या ओठांशी, असा व्यवहार त्या शहरात उघडपणे चालू झाला. पेशवाई संपून तोवर पन्नास वर्षेही झाली नव्हती. या कृत्याची क्रांतिकारकता आज आपणांस पूर्णपणे जाणवणे कठीण आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये बोलावण्यावरून गेलेल्या नामांकित गृहस्थांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली, एवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषासही प्रायश्चित्त घ्यावे लागले. जेथे चहाच्या पेल्याने शहर हादरले, तेथे एका प्याल्यातून सर्वांनी पिणाऱ्या मंडळीने काय केले असेल याचा अंदाज करावा.

परंतु हे परिवर्तन एका दिवसात घडत नाही, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राइतके दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने दाखविलेले नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या तरी त्यांनी आपले सोवळे, आपली चूल व आपले पाणी निराळे ठेवले. विटाळाची ती भीती मनाच्या तळाशी होती, आणि तिची एक एक गाठ स्वतःच्या विचाराने सोडवीत गेल्यावरच 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या चरित्रात आधी पंगत मोकळी झाली आणि मग धर्म पालटला. मेजाने श्रद्धेची वाट करून दिली. टिळकांनी स्वतः 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांस स्थान दिले. पंढरीच्या वारीत काल्याच्या घासाने जातीचा विसर पडावा ही जी आकांक्षा वारकरी संतांनी जोपासली, तिचे संस्कार टिळकांच्या मनावर बालपणापासून होते. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असा त्यांचा भाव होता.

हा वृत्तांत लिहिताना महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात पंक्तिभेद संपूर्णपणे नाहीसा झाला असा दावा मला करावयाचा नाही. विवाहाच्या वेळी पूर्वीच्या जातीची विचारपूस अजून होते, आणि एका बाकावर बसणाऱ्यांची घरे गावाच्या निरनिराळ्या टोकांस असतात. पंथापंथांतील भिंती तर प्रत्यक्ष मेजावरच उभ्या आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या मिळून उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हा ज्यांचे पूर्वज युरोपात परस्परांचे मेज नाकारीत होते ते एका मेजाशी आले, ही मोठी घटना होय. त्याच सुमारास द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानुसार वसईच्या चर्चमधून मिस्साबळी लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागला, आणि कित्येक पिढ्या ज्या प्रार्थनेपुढे लोक केवळ गुडघे टेकीत आले तिचा शब्दन् शब्द त्यांच्या कानी पडू लागला. तरीही कॅथोलिक व प्रोटेस्टंट यांची भाकर अजून एक झालेली नाही.

असे असूनही हा विधी निष्फळ ठरला असे मी म्हणणार नाही. त्याचे सामर्थ्य त्याच्या पुनरावृत्तीत आहे. करिंथ येथे जो निवाडा झाला तो एकदाच होऊन दफ्तरात बंद झाला नाही. भाकर मोडली जाते तेव्हा प्रत्येक वेळी तो पुन्हा वाचला जातो, आणि मोडणारास व घेणारास आपापली जबानी द्यावी लागते. पौलाने प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करून मग भाकर खावी असे लिहिले, त्याचा अर्थ पुढील काळात लोकांनी आपापल्या खासगी पापांचा हिशेब असा घेतला, आणि तोही व्यर्थ नाही. परंतु ज्या मंडळीस ते लिहिले गेले तिच्या परिस्थितीत त्या परीक्षेचा पहिला प्रश्न अगदी निश्चित होता: तुझ्या शेजारी कोण बसला आहे, आणि तो जेवला का? बोहेमियाचा शेतकरी, तंजावरचा परया, बिथुनियाची दासी आणि अहमदनगरचा महार यांनी आपापल्या काळी हाच प्रश्न मंडळीपुढे ठेवला. ज्या ज्या वेळी मंडळीने त्याचे खरे उत्तर दिले त्या त्या वेळी तिला ख्रिस्ताची उपस्थिती सिद्ध करण्यासाठी पंडितांच्या परिषदा भरवाव्या लागल्या नाहीत. आणि ज्या वेळी तिने तो टाळला त्या वेळी कोणत्याही परिषदेचा ठराव तिच्या उपयोगी पडला नाही. प्रभुभोजनाचा आध्यात्मिक अर्थ शोधणाऱ्याने म्हणून वेदीकडे पाहावेच. परंतु त्याआधी दोन्ही बाजूंस वळून आपण कोणास जागा करून दिली आहे आणि कोणास उभे ठेवले आहे हे पाहून घ्यावे, कारण त्या विधीत ख्रिस्ताने आपले शरीर म्हणून जे दाखविले त्यात तो मनुष्यही अंतर्भूत आहे.